आज जरा जड जाईल

माझा दादा डेटाबेस सांभाळतो. हे सांगितलं की लोक "अच्छा, कॉम्प्युटरमध्ये" म्हणतात आणि विषय बदलतात. मी तसं करू देणार नाही. नीट बसा आणि ऐका, कारण या माणसाचं काम कळलं नाही तर त्याने माझं काय केलं तेही कळायचं नाही.

शहरातल्या ॲम्ब्युलन्सचा फोन जिथे वाजतो ती आमची जागा. तळमजल्यावर लांबट हॉल, चाळीस टेबलं, चाळीस हेडफोन. स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून खिडक्यांच्या काचा आतून रंगवलेल्या. मी सतरा नंबरच्या टेबलावर. दादा दोन मजले वर, थंडगार खोलीत, अंगात बाराही महिने स्वेटर. माझं लग्न मोडलं आणि मी बॅग घेऊन माहेरी आले तेव्हा त्यानेच मला ही नोकरी लावून दिली. हे उपकार आई आठवड्यातून एकदा कपाटातून काढते, पुसते आणि परत ठेवते.

आता कामाचं. फोन वाजला की मशीन तो नंबर जुन्या कॉलमध्ये शोधतं. आधी कधी तिथून फोन आलेला असेल तर नाव, पत्ता, आजार, सगळं आपोआप पुढ्यात येतं. जुने कॉल एक कोटीच्या वर, एकाखाली एक ओळी. त्यातून एक नंबर डोळा लवायच्या आत सापडतो कसा? जाड पुस्तकाच्या मागे सूची असते ना, अमुक शब्द अमुक पानावर, तशी दादा बनवून ठेवतो. त्याला ते इंडेक्स म्हणतात. तो नसेल तर मशीन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसतं, आणि तेही चाळीस जणींसाठी चाळीस वेळा.

या कामात दादासारखा माणूस नाही, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. सकाळी गेल्या गेल्या, चहाच्याही आधी, मशीनमध्ये कोण कोणासाठी अडकून बसलंय ती यादी बघणार. दर आठवड्याला मशीनला नव्याने मोजायला लावणार की कुठल्या टेबलात, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, किती माल आहे, कारण मोजलं नाही तर ते जुन्या अंदाजावर चालतं आणि भलतीच वाट धरतं. एखादी क्वेरी, म्हणजे मशीनला विचारलेला प्रश्न, तीन सेकंद घेते म्हणून हा माणूस घरी तीन दिवस तोंड उघडायचा नाही. चौथ्या दिवशी घास हातात धरून म्हणायचा, "सापडलं. कोणा गाढवाने तारखेच्या रकान्यावर फंक्शन लावून ठेवलं होतं, म्हणून इंडेक्स असून वापरलाच जात नव्हता." आई म्हणायची, "बरं झालं रे बाबा. आता भाजी घे."

गोम अशी की हे काम जितकं चांगलं करावं तितकं ते दिसेनासं होतं. नवे साहेब आले. त्यांनी वरची खोली पाहिली, दिवे लुकलुकताना पाहिले, आणि म्हणाले, "सगळं तर आपोआप चालतंय. ही माणसं दिवसभर करतात काय?" दादाच्या हाताखालच्या दोन जागा त्याच वर्षी गेल्या. आता पाळी तिसरीची, म्हणजे दादाची. गरज सरो, वैद्य मरो. इथे तर गरज सरलीही नव्हती, फक्त दिसत नव्हती. त्या दिवसांत दादाचे केस भराभर पांढरे झाले. वय पंचेचाळीस, एकच विद्या हातात, आणि घरी आई आणि मी. रात्री त्याच्या खोलीतून येरझारांचा आवाज यायचा.

वाट दाखवली आईने. भाजी निवडता निवडता म्हणाली, "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. तुझं मशीन कधी रडतच नाही, तर साहेबाला कळणार कसं?" आईला इंडेक्स म्हणजे काय ते कळत नाही, पण साहेब म्हणजे काय ते नेमकं कळतं.

दादाने मशीन रडवायचं ठरवलं. इंडेक्स त्यासाठी पुसावा लागत नाही, लपवता येतो. असतो जागेवरच, नव्या नोंदीही घेत राहतो, फक्त शोधताना मशीनला दिसत नाही. एक ओळ लिहिली की लपतो, दुसरी लिहिली की दिसतो. पहिल्यांदा त्याने फोन नंबरचा इंडेक्स लपवला तेव्हा साहेब दोन मजले धावत वर गेले. दादाने स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, कपाळाला आठ्या घातल्या, तासभर स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत टकटक केलं, आणि मग ती एक ओळ लिहिली. चाळीस स्क्रीन एकदम पळायला लागल्या. साहेबांनी पाठीवर थाप मारली. तेव्हापासून सगळे त्याला वैद्य म्हणायला लागले.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानेच आम्हाला सगळं सांगितलं. मी विचारलं, "मग तासभर काय टाइप करत होतास?" तर म्हणे, "माझ्याच टेबलांची नावं छापत होतो. परत परत. साहेब मागे उभं राहून मान डोलवत होते." आम्ही तिघं हसलो. मला तर ठसका लागला, आईने पाठ चोळली. मी हसले होते, हे कोणी विचारायच्या आधी मीच सांगून टाकते.

पुढे वर्षातून दोन-तीनदा हा औषधोपचार व्हायचा, वरच्या ऑफिसातून कोणी यायचं असलं की. मी एकदा म्हटलं, "अरे, खाली मरण माझं होतं. आधी सांगत तरी जा." तेव्हापासून तो सकाळी चहाच्या वेळी कपातून नजर न काढता म्हणायचा, "आज जरा जड जाईल." मी म्हणायचे, "बरं."

आमच्या टेबलाच्या पहिल्या खणात पिवळ्या फॉर्मचा गठ्ठा असतो. नियम साधा. वीस सेकंदांत स्क्रीन आली नाही तर फॉर्म काढायचा, पत्ता हाताने लिहायचा आणि गाड्या सोडणाऱ्याच्या ट्रेमध्ये नेऊन टाकायचा. जड दिवशी बाकीच्या एकोणचाळीस जणी हबकून फॉर्म काढायच्या. मी नाही. मला माहीत असायचं की मशीन बिघडलेलं नाही, माझ्या भावाने जड केलंय, तीस-चाळीस सेकंदांत येतंच. शिवाय भरलेला प्रत्येक फॉर्म शिफ्ट संपताना परत मशीनमध्ये चढवायचा, म्हणजे दुप्पट काम. त्या बिचाऱ्या मान मोडून फॉर्म चढवत बसायच्या आणि मी पर्स उचलून घरी. मला त्यांची कीव यायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही.

त्या दिवशी वरच्या ऑफिसातून माणसं येणार होती, पुढच्या वर्षी कुठल्या जागा ठेवायच्या ते ठरवायला. सकाळी दादाने दाढी दोनदा केली.

"आज दहानंतर जड जाईल. तासाभरात उतरवतो," तो म्हणाला.

"नेहमीपेक्षा जास्त?"

"पाहुणे आहेत ना."

मी त्याचा डबा भरून दिला आणि आम्ही एकाच बसने गेलो.

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. बाईचा आवाज. "यांना दरदरून घाम आलाय, छातीत दुखतंय म्हणाले, आता बोलतही नाहीयेत." मी पत्ता विचारला. तिने सांगितला. सगळा सांगितला, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखा: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, इमारतीचा नंबर, मजला, दार. मी "हं, हं" म्हणत होते. माझे डोळे स्क्रीनवर होते, आणि स्क्रीनवर ते गोल गोल फिरत होतं. ती म्हणाली, "लवकर या हो," आणि तिने फोन ठेवला, कारण त्यांना धरायला कोणी नव्हतं.

मी लिहिलं नाही. हात खणापर्यंतही गेला नाही. पत्ता येणारच होता ना पुढ्यात. वीस सेकंद झाले, तीस झाले, चाळीस झाले. शेजारच्या अठरा नंबरवाल्या बाईने तेवढ्यात एक फॉर्म भरून ट्रेमध्ये टाकला आणि परत येऊन बसली. मी मनात म्हटलं, दादाने आज जरा फारच जड केलंय, घरी गेल्यावर बघते त्याच्याकडे.

एकोणसाठाव्या सेकंदाला स्क्रीन आली. पत्ता आला. सहा वर्षांपूर्वीचा, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. मधल्या काळात त्यांनी घर बदललं होतं.

मग मी आठवायला लागले. पाण्याची टाकी आठवली. गल्ली आठवली. इमारतीचा नंबर डोक्यात होता आणि येत नव्हता. मी परत फोन लावला, वाजत राहिला. परत लावला, वाजत राहिला. गाडी गल्लीपर्यंत पाठवली आणि कळवलं, "इमारत सांगते." त्या गल्लीत अकरा इमारती होत्या. बोलण्याचं रेकॉर्डिंग काढायला वरच्या मजल्यावरून परवानगी लागते, त्यात नऊ मिनिटं गेली. इमारत सातवी होती. वर पोचेपर्यंत तो माणूस गेला होता. बावन्न वर्षांचा, बस डेपोत मेकॅनिक. डॉक्टरने कागदावर लिहिलं की नऊ-दहा मिनिटं आधी पोचले असते तर काहीतरी करता आलं असतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दादाने ती एक ओळ लिहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

घरी आल्यावर मी त्याला सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. एक बूट हातात तसाच राहिला. मला वाटलं, आता रडेल, डोकं धरून बसेल. त्याचा पहिला प्रश्न होता, "फॉर्म का नाही काढलास?"

मी म्हटलं, "तू म्हणालास ना जड जाईल म्हणून."

"जड जाईल म्हटलं. फॉर्म काढू नको म्हटलं का मी?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "दोघंही जेवून घ्या, मग बोला." आम्ही जेवलो आणि आपापल्या खोलीत गेलो.

चौकशी बसली. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी. त्यांनी माझं रेकॉर्डिंग लावलं. त्या बाईने किती स्पष्ट पत्ता सांगितला होता ते मी त्या खोलीत परत ऐकलं. माझं "हं, हं" ऐकलं. मग दादाला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, तक्ते घेऊन आला, आणि त्याने जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"मशीन संथ होतं, मी नाकारत नाही," तो म्हणाला. "दहा दहा ते अकरा पाच. फोन नंबरचा इंडेक्स वापरला जात नव्हता. मी शोधून पूर्ववत केला. अशा वेळेसाठीच पिवळे फॉर्म आहेत. त्या पंचावन्न मिनिटांत एकोणचाळीस टेबलांवर मिळून दोनशे सहा फॉर्म भरले गेले. सतरा नंबरवर शून्य."

सतरा नंबर. लहानपणी मला पाठुंगळीला घेऊन ओढा ओलांडणारा माझा दादा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला दाखवायचं?

मधल्या बाईंनी मला विचारलं, "सगळ्यांनी फॉर्म काढले. तुम्ही एकट्यांनी का नाही?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मला माहीत होतं की मशीन बिघडलेलं नाही. कसं माहीत होतं? याने सकाळी चहा पिताना सांगितलं म्हणून. एवढं बोलले असते तर दादा गेला असता. आणि त्याच्यामागोमाग मीही गेले असते, कारण तीन वर्षं मला ठाऊक होतं आणि मी हसत होते. मी दादाकडे पाहिलं. तो तक्त्यांचे कोपरे जुळवत होता.

"सुचलं नाही," मी म्हटलं.

बाहेर पडताना साहेब दादाला म्हणाले, माझ्यासमोर म्हणाले, "सख्ख्या बहिणीची बाजू घेतली नाहीत. याला म्हणतात प्रामाणिकपणा." दादाने मान खाली घातली. लाजल्यासारखी.

मी आठ दिवस दम धरला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते त्या आठ दिवसांत समजलं. हॉलमध्ये कोणी माझ्याशेजारी डबा उघडेना. अठरा नंबरवालीने खुर्ची चार बोटं पलीकडे सरकवली. नवव्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. इंडेक्स लपवणं, ती एक ओळ, सकाळचा चहा, माझं हसणं. काही ठेवलं नाही. म्हटलं, आम्हा दोघांना काढा, पण खरं ते लिहा.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पाण्याचा घोट घेतला.

"मला संशय होता," ते म्हणाले. "दर वेळी माणसं यायच्या दिवशीच कसं बिघडतं म्हणून."

मला वाटलं, संपलं, सुटले. साहेब पुढे म्हणाले, "पण मी त्याला आठ वेळा शाबासकी दिलीय. दोनदा लेखी. आता मी काय लिहू? आठ वेळा मला कोणी उल्लू बनवलं असं लिहू?" मग अगदी मायेने, घरच्या वडीलधाऱ्यासारखं बोलले. "आणि असं बघा, त्याला काढलं तर ते मशीन उद्या सांभाळणार कोण? त्याच्या डोक्यात काय आहे ते त्यालाच माहीत. तुमच्या टेबलावर मी सोमवारी दुसरी बसवीन, बुधवारपर्यंत ती शिकेल."

बोलणं कडू होतं, पण हिशेब चोख होता. दादाला जे साहेबांना तीन वर्षं पटवायचं होतं ते अखेर पटलेलं होतं.

सोमवारी माझ्या टेबलावर दुसरी बसली. माझ्या पत्रात लिहिलं होतं, "कर्तव्यात अक्षम्य हलगर्जी." त्याची एक प्रत त्या मेकॅनिकच्या घरी गेली. त्याच महिन्यात दादाची जागा कायम झाली आणि हाताखालच्या दोन्ही जागा परत मिळाल्या. त्यानंतर त्याने इंडेक्स कधी लपवला नाही, गरजच उरली नाही. उलट मन लावून काम केलं. नवी स्क्रीन आता पाव सेकंदात येते म्हणे. हे त्याने जेवताना सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ताटातच बघत राहिला. आई म्हणाली, "तो एकटा कमावतोय आता. त्याला टोचून बोलू नकोस." मी कुठे बोलत होते?

मी त्याला एकदाच विचारलं. कपडे वाळत घालत होते, तो दोरीच्या पलीकडे उभा होता. "तुला झोप लागते का रे?"

"लागते," तो म्हणाला. मग चादरीचं दुसरं टोक धरून झटकायला मदत केली. "आधी नाही लागायची. जागा जाईल म्हणून."

दोन महिन्यांनी एका दुपारी दार वाजलं. दादाला सुट्टी होती, त्यानेच उघडलं. दारात एक बाई उभी. साधीशी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून त्या पत्राची घडी डोकावत होती. तिने माझं नाव विचारलं. आवाजावरून मी स्वयंपाकघरातच ओळखलं. असा आवाज विसरता येत नाही, आणि इमारतीचा नंबर मात्र विसरता येतो.

दादाने तिला बसवलं, पाणी आणून दिलं. तो चांगला वागतो पाहुण्यांशी. म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं. माझी बहीण आहे, तिच्या वतीने मी तुमची माफी मागतो." त्याचे डोळे भरून आले होते. खोटे नव्हते ते. माझा भाऊ खोटं रडत नाही.

ती माझ्याकडे वळली. "भांडायला नाही आले. एकच विचारायचंय. मी पत्ता सांगितला, तुम्ही हं हं म्हणालात. या पत्रात लिहिलंय की पुढे एक मिनिट तुम्ही काहीच केलं नाही. त्या मिनिटात तुम्ही काय करत होतात?"

दादा मध्ये पडला. "तिला आठवून त्रास होतो हो."

"वाट बघत होते," मी म्हटलं. "स्क्रीनची. मला माहीत होतं, येणार म्हणून."

"कसं माहीत होतं?"

दादा माझ्यासमोरच उभा होता, रिकामा ट्रे छातीशी धरून. साहेबांसमोर मी भडाभडा बोलले होते, कारण साहेबांचं कोणी गेलं नव्हतं. आता जिचं गेलं होतं ती हातभर अंतरावर बसली होती.

"अनुभवाने," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मलापण माहीत होतं, तुम्ही येणार म्हणून," ती म्हणाली. "त्यांना तेच सांगत होते. फोन लागलाय, पत्ता दिलाय, आता येतीलच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून शेजारच्यांना बोलवायलाही मला जाऊ दिलं नाही. हात सोडेचनात."

तिने पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला, पत्राची घडी पिशवीत नीट आत सरकवली आणि निघाली. दादा तिला जिन्यापर्यंत सोडून आला. दार लावलं, दाराला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला.

"कोर्टात वगैरे जाणार नाही ती," तो म्हणाला. "समजूतदार आहे."

आणि मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं.